सामंतबाबूंचे कान

जयप्रकाश सामंत मूळचे वेंगुर्ल्याचे, हे कोलकात्याच्या बेहाला भागातल्या शेजाऱ्यांना पटायला बरीच वर्षं लागली. सामंत हे आडनाव बंगालातही आहे. त्यात हा माणूस रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जातो, माशांचे कल्ले उचलून बघतो, कोळणीशी हुज्जत घालतो. मग परका कसा असेल? "तुमचं गाव मेदिनीपूरकडेच ना, सामोंतोबाबू?" असं नवीन भाडेकरू हमखास विचारायचे. सुरुवातीला ते समजावून सांगत. पुढे पुढे नुसतं हसून जिना चढायला लागले.

चोविसाव्या वर्षी ते कोलकात्याला आले ते खिदिरपूर गोदीतल्या एका खाजगी जहाजदुरुस्ती कंपनीत. काम बिनतारी संचांचं. जहाज गोदीला लागलं की त्याचा रेडिओ तपासायचा, कप्तानाच्या केबिनपासून इंजिनरूमपर्यंत बोलायच्या तारा तपासायच्या, कुठे आवाज अडला असेल तर शोधून काढायचा. वर डेकवर गंगेचा वारा आणि खाली इंजिनरूममध्ये जनरेटरची घरघर, अशा दोन टोकांत त्यांची छत्तीस वर्षं गेली. लग्न करून सुधाताईंना आणलं, सानिका इथेच जन्मली, इथेच शिकली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. निवृत्त झाल्यावर आपणही कोकणात जायचं, असं दोघं दर दिवाळीत बोलत. पण घर काही हललं नाही.

निवृत्तीनंतरच्या वर्षी सानिकानं सुट्टी संपवून परत जाताना आपला जुना लॅपटॉप बाबांना दिला. तो इतका रेंगाळायचा की सुरू केल्यावर सुधाताई तांदूळ निवडून घेत. सामंत तो घेऊन चांदनी मार्केटात गेले. तिथल्या दुकानदारानं आधीचं सगळं पुसून त्यात लिनक्स घालून दिलं आणि वर बजावलं, "हलकं आहे, पळेल. पण काही बिघडलं तर माझ्याकडे येऊ नका. हे ज्याचं त्यानं दुरुस्त करायचं असतं."

लॅपटॉप पळायला लागला, पण मुका झाला. सानिकाचा फोन आला की पडद्यावर तिचं तोंड हलताना दिसे, आवाज शून्य. ती हातवारे करून विचारायची, "ऐकू येतंय का?" आणि हे इकडून मान हलवायचे.

अकरा दिवस लागले. सुधाताई म्हणत होत्या की दुसरा घ्या, पण सामंतांना आता हटकून त्याचाच छडा लावायचा होता. जहाजावर ते जसं करत तसंच त्यांनी केलं. एका वहीत चित्र काढलं: आवाज कुठून निघतो, कुठून कुठे जातो, कुठे पोहोचायला हवा. जगभरची माणसं आपापल्या अडचणी जिथे लिहून ठेवतात ती पानं त्यांनी एकामागून एक वाचली. इंग्रजीची अडचण नव्हती, नवीन शब्दांची होती. अकराव्या दिवशी कळलं की आवाज अगदी व्यवस्थित निघत होता, फक्त लॅपटॉपच्या कडेला टीव्हीची तार लावायचं जे छिद्र असतं तिकडे जात होता. तिथे टीव्ही नव्हता, म्हणून कोणाला ऐकू येत नव्हता. सामंतांनी एक ओळ टाइप करून त्याला स्पीकरची वाट दाखवली, आणि त्या संध्याकाळी सानिकाचा आवाज खोलीत आला. सुधाताईंनी पदरानं हात पुसत येऊन विचारलं, "इतकंच होतं?"

"इतकंच असतं," सामंत म्हणाले. "पण कुठे, ते शोधावं लागतं."

मग लोक यायला लागले. वरच्या मजल्यावरचे घोषालबाबू, बँकेत बदलून आलेली एक-दोन मराठी कुटुंबं, त्यांचे ओळखीचे. लिनक्सवर आवाजाची तक्रार असली की सामोंतोबाबूंकडे जा, असं झालं. त्यांची तपासायची रीत ठरलेली असे. यंत्राला आपलं साऊंड कार्ड दिसतंय का, हे आधी. दिसत असेल तर कोणी त्याचं तोंड दाबून धरलंय का, म्हणजे कुठे आवाज बंद करून ठेवलाय का. आणि तेही नसेल तर आवाज भलत्याच दाराला गेलाय का. बहुतेक दुखणी या तिन्हींत सापडत. सापडली की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "ऐका आता."

असंच एकदा अरुणबाबूंनी फोन केला. अरुण चक्रवर्ती हे निवृत्त शिक्षक. चाळिशीत त्यांची दृष्टी गेली होती आणि सियालदहच्या घाऊक बाजारामागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, ते अंध मुलामुलींसाठी वाचनघर चालवत. कोणीतरी तिथे सहा जुने संगणक दिले होते. सगळ्यांवर लिनक्स, कारण पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात सहज मिळतो. सहांपैकी तीन बोलेनासे झाले होते.

सामंत गेले. पहिला संगणक उघडून बसले आणि सवयीनं म्हणाले, "चालतोय तर उत्तम, फक्त आवाज नाही."

अरुणबाबू हसले. "सामंतबाबू, तुमचा संगणक मुका झाला तर तुम्ही पत्र लिहू शकता, हिशेब बघू शकता. आमचा मुका झाला की तो लाकडाची फळी."

हे वाक्य सामंतांना लागलं. तिन्ही संगणक त्यांनी त्या दिवशी बोलते केले, पण घरी आल्यावर त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर तो वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला आणि डोळे मिटून काम करायला लागले. सुधाताईंना वाटलं, बसल्या जागी डुलकी लागली. त्यांनी खांद्याला हात लावला तर हे म्हणाले, "थांब, मी मेन्यूत हरवलोय." चार दिवस हा अभ्यास चालला. वाक्याच्या मध्येच आवाज थांबला की माणूस कसा जागच्या जागी अडकतो, ते त्यांना तेव्हा कळलं. तेव्हापासून दर शनिवारी वाचनघरात जायचा त्यांचा नेम झाला. बसमध्ये खिडकीजवळ, मांडीवर पिशवी, पिशवीत वही, दोन हेडफोन आणि सुधाताईंनी दिलेला पोह्यांचा डबा.

नूपुर मंडल त्यांना तिथेच भेटली. सोनारपूरची, सत्तावीस वर्षांची, जन्मापासून अंध. सोनारपूरहून गाडीनं सियालदहला यायची आणि स्टेशनातून वाचनघरापर्यंत काठी टेकत एकटी चालत यायची. तिचं काम घरून चाले: व्याख्यानांची, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती बंगालीत टाइप करून द्यायची. त्या कामात तिचा हात कोणी धरू शकत नसे. तिच्या लॅपटॉपला मात्र नवीनच खोड लागली होती.

"जेठू," ती म्हणाली. वडिलांच्या थोरल्या भावाला बंगाली मुलं म्हणतात तसं ती पहिल्या भेटीपासून त्यांना जेठूच म्हणत असे. "अपडेट केल्यापासून हा प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खातो. कोलकाताचं लकाता होतं. आमारचं मार होतं. सकाळपासून मला मार मार करतोय."

सामंतांनी हेडफोन लावून ऐकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. हे दुखणं त्यांच्या जुन्या ओळखीचं होतं. "आमच्या वेळी जहाजावर असे संच असायचे," ते म्हणाले. "बोलायचं बटण दाबलं तरी संच जागा व्हायला क्षणभर लागायचा. नवखा माणूस दाबल्या दाबल्या बोलायला लागे आणि त्याचा पहिला शब्द समुद्रात पडे. तुझं साऊंड कार्ड बॅटरी वाचवायला झोपतंय. जरा शांत झालं की झोपतं, आणि तू काही उघडलंस की डोळे चोळत उठतं. तोवर पहिलं अक्षर गेलेलं."

"मग त्याला झोपू देऊ नका."

"तेच करतो."

एका फाइलीत एक ओळ घातली, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. नूपुरनं एक पान उघडलं. कोलकाता अख्खं आलं. आमारही अख्खं आलं. तिनं टाळी वाजवली आणि खोलीतल्या दोघातिघांनी विचारलं काय झालं. सामंतांनी चष्मा कपाळावर सरकवला.

पुढच्या शनिवारी ती त्यांच्याजवळ येऊन बसली आणि जरा आवाज खाली आणून म्हणाली, "जेठू, अक्षरं नीट येतात. पण मागे एक शिट्टी ऐकू येते. बारीक. सतत."

सामंतांनी हेडफोन लावला. ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. "काही नाही गं."

"आहे. सुईसारखी आहे."

त्यांनी दुसरा हेडफोन लावून बघितला. पुन्हा काही नाही. आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्यांचा मिक्सर उघडून बघितला, सगळं जागच्या जागी. तिसऱ्यांदा ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवत म्हणाले, "दिवसभर कान लावून काम करतेस ना, कान थकतात. मनाला भास होतात कधी कधी. थोडे दिवस दुर्लक्ष कर."

हेडफोनची तार गुंडाळून नूपुरनं पिशवीत ठेवली.

पुढचे दोन शनिवार ती आली नाही. तिसऱ्या शनिवारी सामंतांनी अरुणबाबूंना विचारलं तर ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "तिनं तुमची ती ओळ काढून टाकलीय. पुन्हा पहिली अक्षरं जातात, पण म्हणते तेवढं चालवून घेईन, शिट्टी नको. डोकं दुखायचं तिचं. तीन तास काम केलं की उलटी व्हायची."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं की," अरुणबाबू शांतपणे म्हणाले.

सामंत बसमध्ये बसले ते घरापर्यंत खिडकीबाहेर बघत आले. चिडले होते. कोणावर ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. जेवताना त्यांनी सुधाताईंना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "अगं, मी तीनदा ऐकलं. छत्तीस वर्षं हेच केलंय. शिट्टी असती तर मला ऐकू आली नसती?"

सुधाताईंनी ताटातला भात चिवडला. हे बोलायचं त्यांच्या मनात बरेच महिने होतं, पण वेळ सापडत नव्हती. "अहो," त्या म्हणाल्या, "आपलं कपडे धुवायचं मशीन झालं की काय करतं?"

"काय करतं म्हणजे? थांबतं."

"वाजतं. पाच वेळा पीप पीप करतं. तुम्ही शेजारी पेपर वाचत असता. दोन वर्षं झाली, मी स्वयंपाकघरातून पळत येऊन कपडे काढते."

सामंत घास हातात धरून बसले. "मला वाटायचं ते मुकं मशीन आहे."

"आणि टीव्ही. घोषालबाबूंची बायको मला विचारते, काल बातम्यांत अमुक म्हणाले ते खरं का. त्यांना वरून ऐकू येतं."

सामंतांनी हात धुतले, लॅपटॉप आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि सुधाताईंना शेजारी बसवलं. हव्या त्या पट्टीचा सूर काढणारी एक छोटी सोय त्यात होती. इतकी वर्षं ती त्यांनी लोकांचे स्पीकर तपासायला वापरली होती. आता एक एक पायरी वर चढवत ते सूर लावायला लागले.

पहिला खालचा सूर. दोघांनाही आला. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. "येतोय?" "येतोय." चार हजार हर्ट्झवर सामंतांना तो भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. त्यांनी सहा हजार टाइप केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर आवाजाची हिरवी पट्टी वर चढली आणि तिथे स्थिर राहिली. सामंत तिच्याकडे बघत होते. पंख्याची घरघर ऐकू येत होती, खालून रिक्षाचा भोंगा आला तोही ऐकू आला. पट्टी तशीच वर होती. सुधाताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

"वाजतंय?" सामंतांनी विचारलं.

"बंद करा हो," सुधाताई म्हणाल्या. "दातातून कळ येते."

त्यांनी बंद केलं. सुधाताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा टाकायला उठल्या. सामंतांना त्या क्षणी स्वतःच्या कानांचं इतकं काही वाटलं नाही. नूपुरला आपण काय म्हणालो तेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मनाला भास होतात. त्या पोरीचं सगळं जग कानावर, आणि तिला आपण सांगितलं की तुझे कान खोटं बोलतात.

डॉक्टरांकडे जायला सुधाताईंना आग्रह करावा लागला नाही. तपासणीत कळलं की उजव्या कानाचे वरचे सूर जवळजवळ गेलेत आणि डाव्याचे अर्धे. डॉक्टर तरुण होते. नोकरी काय होती, असं त्यांनी विचारलं आणि इंजिनरूमचं ऐकल्यावर पुढे काही विचारलं नाही, नुसती मान हलवली. यंत्र लावावं लागणार होतं, ते यायला तीन आठवडे.

सामंत तीन आठवडे थांबले नाहीत. त्याच रविवारी सकाळी त्यांनी सियालदहहून सोनारपूरची गाडी पकडली. सुधाताईंनी नारळाच्या वड्या करून दिल्या होत्या. वैशाखाचं ऊन असं होतं की स्टेशनाबाहेर पडेपर्यंत सदरा पाठीला चिकटला. नूपुरचं घर तळ्याच्या काठी, दोन खोल्यांचं. तिच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं, आणि नूपुर आतून म्हणाली, "जेठू? तुम्ही?"

"कसं ओळखलंस? मी तर अजून बोललोही नाही."

"चपला. उजवी जास्त घासते तुमची."

ते खुर्चीवर बसले. गाडीत त्यांनी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आता सापडेना. "नूपुर," ते म्हणाले, "शिट्टी आहे. मला ती ऐकू येत नाही. माझे कान गेलेत, वरच्या सुरांचे. मी तुला भास म्हणालो ते चुकलं."

नूपुर म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्हाला कमी येतं ते. पहिल्या दिवशीच. मी उजवीकडून बोलले की तुमची खुर्ची करकरते, तुम्ही डावा कान वळवता. अरुणसरांच्या घड्याळाचा गजर होतो तेव्हा सगळे थांबतात, तुम्ही एकटे बोलत राहता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतक्या लांबून येता," ती म्हणाली. "आणि कसं सांगायचं? मला दिसत नाही हे मला कोणी सांगितलं की आवडतं का?"

सामंतांनी वड्यांचा डबा पुढे केला. नूपुरनं एक खाल्ली, दुसरी घेतली आणि म्हणाली, "पण त्या शिट्टीनं डोकं फार दुखलं, जेठू. थोडी रागावले होते मी."

"रागावायलाच हवं होतं."

मग दोघं कामाला बसले. सामंतांनी आपली ती एक ओळ पुन्हा घातली, म्हणजे कार्ड झोपणार नाही. लॅपटॉप सुरू होताच नूपुरनं मान डोलावली: आली शिट्टी. पण पंखा चालू असला की ती किती बारीक होते ते तिला नीट कळत नव्हतं. "आई, पंखा बंद कर," ती म्हणाली. पंखा बंद झाला. मग शेजारच्या हातपंपाचा खडखडाट नको म्हणून खिडकी लावली, दार लावलं. त्या बंद खोलीत घामाच्या धारा लागल्या. सामंतांनी रुमाल डोक्याला बांधला, तरी थेंब कीबोर्डवर पडत होते.

त्यांचा तर्क साधा होता. कार्ड झोपायचं तेव्हा शिट्टीही त्याच्याबरोबर झोपायची. आता ते कायम जागं, म्हणून शिट्टीही कायम. म्हणजे कार्डात येणाऱ्या-जाणाऱ्या तेवीस वाटांपैकी कुठल्या तरी एका वाटेनं ती येत होती. एकेक वाट बंद करत जायचं आणि ऐकायचं. इतकी वर्षं बंद करणारे तेच आणि ऐकणारेही तेच असत. आज ते फक्त बंद करणार होते.

"पहिली," ते म्हणाले आणि कळ दाबली.

"आहे."

"दुसरी."

"आहे."

नवव्या वेळी नूपुर खुर्चीतच उडाली. "गेली."

सामंतांनी पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं, मी अख्खा हेडफोनच बंद केला. सगळंच गेलं."

नूपुर हसायला लागली ती थांबेना. तिची आई दाराशी येऊन बघून गेली. सामंतही हसले, हेडफोन पुन्हा उघडला आणि शिट्टी परत आली. दहावी, अकरावी, बारावी. मध्ये एकदा नूपुरनं हात वर करून थांबवलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "नाही, तो डास."

सतराव्या वाटेवर ती काहीच बोलली नाही. सामंत वाट बघत होते.

"नूपुर? आहे?"

"पुन्हा उघडा."

त्यांनी उघडली.

"आता आहे. बंद करा."

त्यांनी बंद केली.

"ही," ती म्हणाली. "हीच."

लॅपटॉपच्या आत जो छोटा माइक असतो त्याची ती वाट होती. कधीतरी, बहुधा त्याच अपडेटमध्ये, माइक पार वर चढवला गेला होता, आणि त्याची एक फट हेडफोनच्या बाजूला उघडी राहिली होती. यंत्राच्या पोटातली गुणगुण त्या फटीतून तिच्या कानात येत होती. सामंतांनी फट बंद केली, माइक खाली आणला आणि हे कायम लक्षात ठेव, असं लॅपटॉपला सांगणारी ओळ टाइप केली. मग पुन्हा एकदा सगळं बंद करून सुरू केलं, कारण दुरुस्ती पुन्हा सुरू केल्यावर टिकली तरच खरी, हा त्यांचा नियम होता.

कोलकाता अख्खं आलं. त्यानंतर नूपुर हेडफोन लावून तशीच बसून राहिली. इतका वेळ की सामंतांना धाकधूक वाटायला लागली.

"काय झालं? अजून काही आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "तेच ऐकतेय."

आईनं पंखा लावला, मुरी, म्हणजे कुरमुरे, आणि चहा आणला. सामंत वहीत लिहायला लागले तसं नूपुरनं विचारलं, "त्या ओळी मला सांगा. तुम्ही लिहू नका, मला टाइप करू द्या. पुन्हा बिघडलं तर तुम्ही किती वेळा सोनारपूरला येणार?" त्यांनी सांगितलं, तिनं टाइप केलं. पडद्यावर रंगीत पट्ट्या असलेला मिक्सर तिच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून त्यांनी तिला तेच काम शब्दांत करायची कमांड दाखवली. तासाभरात तेवीसच्या तेवीस नावं तिच्या तोंडपाठ झाली. दोन ठिकाणी तिनं त्यांची चूकही काढली.

तीन आठवड्यांनी कानाचं यंत्र आलं. पहिले काही दिवस सामंत कावले. पेपरचं पान उलटलं की कागद फाडल्यासारखा आवाज, स्वतःचा घास स्वतःला ऐकू. सुधाताई नेहमीसारख्या बोलल्या तर हे म्हणत, "ओरडतेस कशाला?" इतकी वर्षं वाढवत वाढवत नेलेला स्वतःचा आवाज त्यांनी आठवड्याभरात खाली आणला, टीव्हीचाही उतरला, आणि घोषालबाबूंच्या बायकोला बातम्या आपल्या घरीच लावाव्या लागल्या. यंत्रानं सगळं परत आलं नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. अगदी वरचे सूर गेले ते गेलेच.

त्यामुळे शनिवारची कामं आता दोघं मिळून करतात. नूपुर ऐकते, सामंत हाताची आणि पडद्यावरची कामं बघतात. फोनवरच्या तक्रारी तर हळूहळू तिच्याकडेच गेल्या. मागच्या पावसाळ्यात बर्धमानच्या एका शिक्षिकेच्या संगणकातून दर दोन मिनिटांनी टक्क असा आवाज यायचा. सामंतांनी दोन दिवस डोकं खपवलं होतं. नूपुरनं तिला फोन स्पीकरजवळ धरायला सांगितला, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे आतून येत नाही. तुमच्या मागे फ्रिज आहे का? एकाच बोर्डावर लावलाय का?" तसंच होतं. सामंतांनी ही गोष्ट अरुणबाबूंना सांगितली, सुधाताईंना सांगितली, सानिकाला फोनवर सांगितली, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसालाही सांगितली.

गेल्या शनिवारी वाचनघरात एक नवे गृहस्थ आले. ट्रामचे निवृत्त कंडक्टर, काचबिंदूनं वर्षभरापूर्वी दृष्टी गेलेली. मुलीनं हाताला धरून जिना चढवून आणलं होतं. इथे काय होणार, असा भाव चेहऱ्यावर. नूपुरनं त्यांना खुर्चीवर बसवलं, बोटं कीबोर्डवर ठेवली, हेडफोन लावला. यंत्र बोलायला लागलं तसे ते दचकले.

"फार भरभर बोलतो," ते म्हणाले.

नूपुरनं वेग कमी केला.

"आणखी सावकाश. मी म्हातारा माणूस आहे."

तिनं आणखी कमी केला. मग त्यांना स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. एक अक्षर शोधायला त्यांना अर्धं मिनिट लागत होतं, आणि प्रत्येक अक्षर यंत्र त्यांना वाचून दाखवत होतं. सामंत जवळच्या खुर्चीत बसून बघत होते. एकदा त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण नूपुर तेच सांगत होती. त्यांना तिथे काही काम नव्हतं. त्यांनी अरुणबाबूंचा हात आपल्या दंडाला लावला आणि दोघं सावकाश जिना उतरून खाली चहाला गेले.